वाचकांचे प्रश्न: म्हाताऱ्या घोड्याला चांगलं घर कसं मिळेल?

गेल्या काही महिन्यांत घोड्यांविषयी आलेल्या पत्रांत एकच चिंता वेगवेगळ्या शब्दांत दिसते: घोडा म्हातारा झाला, आता त्याला कुठे ठेवायचं? त्यातली सात पत्रं या वेळी घेतली आहेत. उत्तरं सविस्तर आहेत, कारण अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय घोड्यालाच भोगावा लागतो.

आमच्याकडे १९ वर्षांची घोडी आहे, भीमथडी अंगाची. मुलगी तिच्यावरच स्वारी शिकली. ती आता शिकायला बाहेर गेली, वडिलांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, खरारा करायलाही घरात कोणी उरलं नाही. घोडी पुढच्या डाव्या पायाने अधूनमधून लंगडते. पैसे नकोत, फुकट देऊ, पण चांगल्या घरी जावी. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, सासवड

सुरुवात 'फुकट' हा शब्द सोडण्यापासून करा. फुकट घोडी आहे अशी बातमी फिरली की सगळ्यात आधी फोन येतो तो दलालाचा. तो गोड बोलतो, 'शेतावर मोकळी सोडू' म्हणतो, टेम्पो स्वतःचा आणतो, आणि आठवड्याभरात घोडी तिसऱ्याच माणसाच्या दारात उभी असते. तिथून तिचा माग लागत नाही. म्हणून माफक का होईना, किंमत सांगा. घेणारा माणूस मनासारखा निघाला तर तेच पैसे घोडीच्या दातांवर आणि वाहतुकीवर खर्च करा, हवं तर त्यालाच परत द्या. पण हे जाहिरातीत लिहू नका.

दुसरी पायरी तपासणीची. घर शोधण्याआधी आपण नेमकं काय देतो आहोत हे आपल्यालाच माहीत हवं. घोड्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना बोलवा आणि चार गोष्टी करून घ्या.

दात. या वयाच्या घोड्याची तब्येत तोंडातच ठरते. दाढांना धारदार कडा येतात, एखादी दाढ पडते, समोरासमोरच्या दाढा एकमेकींवर बसेनाशा होतात. घोडी गवत चघळून त्याचा ओला, चेपलेला गोळा बाहेर टाकत असेल, किंवा लिदीत बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या दिसत असतील, तर तिला चावता येत नाही असं समजा. कडा कानशीने घासून घेता येतात. पडलेली दाढ मात्र परत येत नाही, तिथे खाणंच बदलावं लागतं. वयाचा दाखलाही इथेच मिळतो. ओठ बाजूला करून वरच्या कोपऱ्यातला पुढचा दात पाहा. त्यावर हिरड्यापासून खाली उतरणारी एक तपकिरी खाच असते. ती साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्याला दाताच्या मध्यापर्यंत येते आणि विसाव्याला टोकाला पोचते. त्यानंतर ती वरून पुसत जाते. हा अंदाज आहे, जन्मदाखला नव्हे. दोन-तीन वर्षांचा फरक सहज पडतो.

पाय. घोडी कठीण जमिनीवर आधी चालीत, मग दुडकीत सरळ रेषेत पळवून पाहायची. लंगडणारा पुढचा पाय जमिनीला टेकला की डोकं वर जातं, चांगला पाय टेकला की खाली येतं. दुखणं खुरात आहे की वरच्या सांध्यात, हे पशुवैद्यांकडून लिहून घ्या. तपासणीच्या किंवा पाहुणे येण्याच्या आधी वेदनाशामक देऊन लंगडणं झाकू नका. औषध उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात घोडी परत येईल, किंवा परत न येता पुढे विकली जाईल.

रक्त. ग्लँडर्सची चाचणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्याला वाचवता येत नाही. घोडं हलवताना हा अहवाल हाताशी असलाच पाहिजे. आणि चैत्र उलटला तरी घोडीच्या अंगावर हिवाळ्याचे लांब केस तसेच असतील, पाठ खोलगट आणि पोट लोंबतं दिसत असेल, ती पाणी फार पीत असेल, तर कुशिंग्ज या म्हातारपणीच्या आजाराचीही चाचणी करायला सांगा. त्यात लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत सूज, होऊन खूर जातात. वेळेवर कळलं तर पर्गोलाइडच्या गोळ्यांनी तो ताब्यात राहतो.

वजन. काटा नसेल तर टेपने काढता येतं. तंग बसतो तिथून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. घेर १६० आणि लांबी १४२ असेल तर उत्तर येतं ३०६ किलो. हा आकडा खाण्यासाठी, जंताच्या औषधासाठी, सगळ्यासाठी लागतो.

हे हातात आलं की जाहिरात लिहा, आणि ती खरी लिहा. नमुना असा:

'घोडी, वय सुमारे १९, उंची १३ हात (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच), रंग कुमैत, वजन अंदाजे ३०६ किलो. पुढच्या डाव्या पायाने कठीण जमिनीवर दुडकीत लंगडते, चालीत नाही. मोठ्या माणसाच्या स्वारीसाठी नाही. लहान मुलाला दोर धरून पंधरा मिनिटं फिरवता येईल. उजवीकडची एक दाढ नाही, चंदी भिजवूनच लागते. सुई टोचू देते. मागचे पाय उचलायला वेळ घेते. टेम्पोत चढायला अर्धा तास लागतो. एकटी राहत नाही, दुसरं घोडं दिसेनासं झालं की कुंपणालगत फेऱ्या मारत खिंकाळते. घर पाहिल्याशिवाय आणि लेखी कराराशिवाय दिली जाणार नाही.'

हे वाचून दहातले नऊ जण फोन करणार नाहीत. ते बरंच आहे. दहावा फोन करतो तो दाढ नसलेल्या घोडीचीच तयारी ठेवून. सोबत दोन्ही बाजूंचे, चारही खुरांचे आणि दातांचे फोटो ठेवा, आणि चाल-दुडकीचा एक मिनिटाचा व्हिडिओ.

आता कुणाला विचारायचं? पहिला माणूस तुमचा नालबंद. तो दर सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक तबेल्यात जातो. कुठे खूर वेळेवर कापले जातात, कुठे पैसे थकवतात, कुठे घोडं भेदरलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मग पशुवैद्य, मग आसपासच्या घोडेस्वारी शाळा. शोध दोन-तीन तासांच्या अंतरात ठेवा, म्हणजे तुम्हाला अधूनमधून जाऊन पाहता येईल. म्हाताऱ्या घोड्याला सर्वांत चांगली घरं मिळतात ती बहुधा एकट्या पडलेल्या दुसऱ्या घोड्याला सोबत हवी असणाऱ्यांकडे. तिथे घोडीकडून कामाची अपेक्षा नसते, नुसतं असणं पुरतं.

पाहायला गेल्यावर नेमकं काय पाहायचं? आणि करार करायचाच तर त्यात काय लिहायचं? ओळखीतल्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो.
— एक वाचक, नाशिक

संकोच बाजूला ठेवा. ओळखीत वाद झाला की ओळखही जाते आणि घोडाही, कागद असला तर निदान बोलायला आधार राहतो.

घर दोनदा पाहा, एकदा वेळ ठरवून आणि एकदा तासभर आधी फोन करून. पहिल्या भेटीत माणूस दिसतो, दुसऱ्या भेटीत रोजचा तबेला. तिथे आधीपासून असलेल्या जनावरांचे खूर पाहा. पुढे वाढलेले, कडा तुटलेले खूर म्हणजे नालबंद येत नाही. पाण्याच्या टाकीत हात घालून तळ चाचपा, शेवाळ आणि कुजका चारा हाताला लागतो का ते कळेल. जमिनीवर ओल आणि मूत साचून डोळे चुरचुरत असतील, तर त्या हवेत म्हाताऱ्या घोड्याची छाती टिकणार नाही. मग विचारा: नालबंद कोण, शेवटचा कधी आला? रात्री पोटशूळ झाला तर कुठले डॉक्टर येतात, किती वेळात? तुम्ही गावाला गेलात तर चंदी कोण घालतो? त्या तिसऱ्या माणसाला भेटूनच परत या, कारण घोडा बहुतेक दिवस त्याच्याच हातात असणार आहे.

काही बोलण्यांवरून तिथल्या तिथे नकार द्यावा. जो वय विचारायच्या आधी वजन विचारतो, 'आजच गाडी पाठवतो' म्हणतो, पत्ता द्यायला टाळाटाळ करतो, घोडा रात्रीच न्यायचा आग्रह धरतो, किंवा 'अजून असतील तर तेही घेतो' म्हणतो, त्याला घोडा सांभाळायचा नसतो.

आमचं स्पष्ट मत असं की मालकी एकदम देऊच नये. पहिले ३० दिवस चाचणीचे ठेवा, त्यात खाण्याचा खर्च निम्मा तुम्ही उचला. ते नीट गेले तर घोडा 'सांभाळायला' द्या, मालकी तुमच्याकडे राहू द्या. दर महिन्याला काही रक्कम देणं तुम्हाला शक्य असेल तर जरूर द्या. ज्याच्या घरी घोडा आहे त्याच्यावर भार पडला नाही की घोडा तिथे टिकतो.

करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा, दोन साक्षीदार घ्या. घोड्याचं वर्णन रंग, भोवरे, पांढरे डाग, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक इतक्या बारकाईने लिहा, फोटो जोडा. पुढे या गोष्टी असाव्यात: घोडा तिसऱ्याला विकायचा, द्यायचा किंवा भाड्याने लावायचा नाही. नको झाला तर तो आधी तुमच्याकडे परत येईल, त्यासाठी १५ दिवसांची मुदत आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा ते आधीच ठरलेलं असेल. घोडी असेल तर ती गाभण ठेवायची नाही. या वयात वेताने जीव जाऊ शकतो. खूर दर ६ ते ८ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा तरी, धनुर्वाताची लस वेळेवर. महिन्याला एक चालतानाचा व्हिडिओ, तीन महिन्यांतून एकदा तुमची भेट. आणि एक वाक्य बहुतेक जण विसरतात: घोडा अचानक असह्य वेदनेत असेल आणि तुमचा फोन लागत नसेल, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला शांतपणे मरण देण्याचा निर्णय कोण घेईल. हे लिहिलेलं नसलं की दोन माणसं एकमेकांना फोन करत राहतात आणि घोडा जमिनीवर लोळत राहतो.

घोडी पुण्याहून साताऱ्याकडे न्यायची आहे. १८ वर्षांची आहे, गेली सहा वर्षं कुठे हलवलेली नाही. प्रवासात आणि पोचल्यावर काय जपावं?
— एक वाचक, पुणे

प्रवासाच्या दोन आठवडे आधी धनुर्वाताची लस झाली आहे ना ते पाहा. आदल्या दिवशी पशुवैद्यांकडून प्रवासायोग्य असल्याचा दाखला घ्या, तो नियमानेच लागतो. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम घोड्यांसाठी अगदी नेमके आहेत: गाडीच्या तळाला पाय घसरणार नाही असं काही अंथरलेलं हवं, घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचे बांबू आणि मागे दोन भक्कम आडवे दांडे हवेत, तोंड डावीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांपासून दूर हवं, सोबत एक माणूस हवा, आणि वेग तासाला ३५ किलोमीटरच्या वर नको. वेगाचा नियम ऐकून ड्रायव्हर हसेल. पण घाटाच्या वळणावर म्हाताऱ्या घोडीचे मागचे पाय शरीराचा तोल सावरायला पुरत नाहीत. ती पडली तर टेम्पोत तिला उठवायला जागाच नसते.

गाडीत चढवण्याचा सराव आठवडाभर करा. रोज मागची फळी उतरवून चंदीचा तोबरा आत दाखवा, दोन पावलं चढली तरी पुरे, मग उतरवा. निघायच्या दिवशी फटके मारून चढवलेली घोडी पुढच्या वेळी चढतच नाही. पहाटे निघा. दोरी इतकी आखूड बांधू नका की तिला मान खाली घालता येणार नाही. घोडा मान खाली घालून नाका-घशातला कफ बाहेर काढतो. तासन् तास मान वर बांधली की तो कफ छातीत उतरतो आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. म्हणून पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस ठीक आहे, त्याच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवा. गुंगीचं औषध देऊन प्रवास करायचा मोह टाळा, तोल आणखी जातो.

घोडीबरोबर तिचं नेहमीचं गवत आणि चंदी दहा दिवसांची पाठवा. नवीन खाणं रोज थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत बदला. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू ठरावीक चाऱ्यावर पोसलेले असतात. चारा एका रात्रीत बदलला की ते मरतात, वायू धरतो आणि पोटशूळ होतो. तिची जुनी बादली, जुनी म्होरकीही पाठवा. अनोळखी पाण्याला म्हातारी घोडी तोंड लावत नाही, ओळखीच्या बादलीतून पिते. पहिल्या दिवसात २५ लिटरच्या आसपास पाणी गेलं का ते मोजा.

तिथल्या घोड्यांत लगेच सोडू नका. तीन आठवडे वेगळी ठेवा, म्हणजे घशाचा सांसर्गिक रोग कुणी आणला असेल तर तो पसरण्याआधी दिसेल. मग कुंपणापलीकडून ओळख होऊ द्या, शेवटी एकत्र. एकत्र आल्यावर चंदीची घमेली आठ-दहा मीटर लांब लांब ठेवा आणि जेवढी घोडी तितक्यापेक्षा एक जास्त ठेवा. तरुण घोडी म्हातारीला घमेल्यावरून हाकलतात, ती मुकाट बाजूला होते आणि महिन्यात बरगड्या दिसू लागतात. मालकाला वाटतं जंत झाले.

दापोलीजवळ आमची बाग आहे, दोन गाई आहेत. शर्यतीतून निवृत्त झालेला १७ वर्षांचा घोडा मिळतो आहे. गाईंच्याच चाऱ्यावर त्याचं भागेल का? मोकळी जागा भरपूर आहे.
— एक वाचक, दापोली

गाईंच्या चाऱ्यावर नाही भागणार. तुम्ही आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

गाईंसाठी लावलेलं नेपियर म्हणजे हत्तीगवत घोड्याला मुख्य चारा म्हणून देऊ नका. त्यात ऑक्सॅलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि घोड्याच्या अंगी लागू देत नाही. त्यावर गव्हाचा कोंडा घातला तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. घोडा कधी या तर कधी त्या पायाने लंगडतो आणि महिन्यांनी गालफडाची हाडं फुगलेली दिसतात. घरोघरी कोंडा हा पौष्टिक समजून घातला जातो, म्हणून इतकं लिहिलं.

गाईंचं तयार पशुखाद्य किंवा कोंबड्यांचं खाद्य घोड्याच्या तोंडाशी येऊच देऊ नका. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेलं असू शकतं. गाईला ते मानवतं, घोड्याच्या हृदयाला मात्र थोड्या मात्रेतही मारक ठरतं. पोत्यांची खोली कुलपात ठेवा. बुरशी आलेला कडबा आणि मका तर फेकूनच द्या, बुरशीच्या मक्याने घोड्याचा मेंदू जातो.

शर्यतीचा घोडा ४५० ते ५०० किलोचा असतो. त्याला दिवसाला ९ ते १० किलो कोरडं खाणं लागतं. त्यातला मोठा भाग सुकं गवत, जोडीला दोन-अडीच किलो सुका लसूणघास, त्यातून कॅल्शियमही मिळतं. दात कमी असतील तर गवताची बारीक कुट्टी करून तासभर पाण्यात भिजवा. हरभरा रात्रभर भिजवून, दिवसाची चंदी तीन-चार वेळांत वाटून द्या. वजन धरत नसेल तर गोडं तेल ५० मिलीपासून सुरू करून हळूहळू वाढवा. मीठ रोज ३० ते ४० ग्रॅम, कोकणच्या दमट हवेत घाम गाळणाऱ्या घोड्याला याहून जास्तही लागतं. घास नाकातून बाहेर येऊ लागला तर अन्ननलिकेत अडकला आहे. तेव्हा खाणं-पाणी दोन्ही काढून घ्या आणि डॉक्टरांना बोलवा. घशात नळी किंवा बाटली घालू नका.

बागेभोवती कण्हेर असेल तर ती मुळासकट काढा. हिरवी असो की वाळलेली, मूठभर पानांनी घोडा दगावतो, आणि छाटलेल्या फांद्या तर घोडे आवडीने चघळतात. काटेरी तारेचं कुंपण गाईला चालतं, घोड्याला नाही. घोडा घाबरला की पाहत नाही, धावतो. पायाची कातडी हाडापर्यंत सोलली गेल्यावर म्हाताऱ्या घोड्याची जखम भरायला महिने जातात. लाकडाचे किंवा जाड बांबूचे आडवे दांडे साडेचार फुटांपर्यंत लावा.

पावसाळा हा तुमचा मोठा प्रश्न आहे. जूनपासून चार महिने चिखलात उभं राहिलेलं खूर तळातून काळं पडून कुजतं, वास येतो. उंच, पक्क्या तळाची, दोन बाजूंनी मोकळी १२ बाय १२ फुटांची तरी कोरडी जागा हवी. खूर रोज कोरून पाहायचे. नालबंद तिथपर्यंत येतो का हे घोडा घेण्याआधी नक्की करा, नंतर नाही. आणि घोडा आणायचाच तर पावसाळा संपून दिवाळी झाल्यावर आणा.

राहिली सोबत. गाईंच्या सोबतीने काही घोड्यांचं भागतं, पण भागेलच असं धरून चालू नका. दुसरा एखादा म्हातारा तट्टू किंवा निदान गाढव असेल तर घोडा खातो, झोपतो. एकटा घोडा आडवा पडून झोपत नाही, कारण राखण करणारं कुणी नसतं. हे ध्यानात येत नाही आणि तो दिवसा उभ्याउभ्या गुडघ्यांवर कोसळू लागतो. शर्यतीच्या घोड्यांना मायक्रोचिप आणि पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाचा पासपोर्ट असतो. तो मागा, त्यातला क्रमांक आणि चिप जुळते का ते स्कॅनरने पाहूनच पुढे जा.

माथेरानला माझा घोडा गेली तेरा वर्षं पर्यटकांना फिरवतो. आता १८ चा झाला, चढावर दमतो. खाली लग्नाच्या वरातीसाठी घोडी-घोडे पुरवणारा एकजण मागतो आहे. म्हणतो, 'काम काही नाही, तासभर उभं राहायचं.' द्यावा का?
— एक अश्वपालक

नको. तुमची अडचण आम्हाला कळते. या घोड्याच्या जागी दुसरा घेतल्याशिवाय घर चालणार नाही आणि दोघांना पोसणं जड आहे. पण तुमच्या घोड्यासाठी वरात हे हलकं काम नाही.

माथेरानात मोटारी नाहीत. तो तेरा वर्षं लाल मातीच्या वाटांवर चाललाय, हॉर्न त्याच्या कानाला ठाऊक नाही. वरातीत त्याला डांबरावर, ट्रकच्या बाजूला, स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहावं लागेल, वर फटाके. तासभर म्हणतात ते फक्त वरातीचं. त्याआधी सजवणं, टेम्पोतून नेणं, तिष्ठत ठेवणं, आणि मुहूर्ताच्या दिवसांत एकापाठोपाठ दोन-तीन ठिकाणं. दुखऱ्या सांध्याच्या घोड्याला चालण्यापेक्षा एका जागी कडक जमिनीवर उभं राहणं जास्त जाचतं. शिवाय वर बसणारा नवरदेव आणि पुढे एखादं पोर. दचकून उधळला तर माणसंही जातील.

त्यापेक्षा त्याचं काम पायरीपायरीने उतरवा. चढाच्या वाटा बंद, सपाट वाटेवर फक्त मुलं, आठवड्याला तीन दिवस, एकेक फेरी. पूर्ण थांबवू नका, अचानक बांधून ठेवलेल्या म्हाताऱ्या घोड्याचे सांधे आखडतात. या काळात लहान मुलांना दोर धरून फिरवणारी एखादी घोडेस्वारी शाळा पाहा. गर्दीला, मुलांच्या हातांना सरावलेला शांत घोडा त्यांना खरोखर हवा असतो, तो सहज मिळत नाही. मात्र आधी छाती तपासून घ्या. चढावर दमणं हे वयाचंच असतं असं नाही. विश्रांतीत श्वास मिनिटाला १६ च्या वर जात असेल, श्वास सोडताना पोट दोनदा आत ओढलं जात असेल, तर धुळीची ॲलर्जी आहे. गवत भिजवून दिलं आणि धूळ टाळली तर फरक पडतो.

म्हातारा घोडा सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नेला तर गिऱ्हाईक लगेच मिळेल असं सगळे म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, धुळे

गिऱ्हाईक मिळेल, घर मिळणार नाही. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो बाजार चालीचा, रंगाचा आणि उमेदीच्या घोड्यांचा आहे. तिथे म्हाताऱ्या घोड्याला किंमत येते ती अगदी तळाची, आणि तळाच्या किमतीला घेणारा त्याच्याकडून ती वसूलच करतो. शिवाय तीन-चार दिवस शेकडो अनोळखी घोड्यांच्या गर्दीत, थंडीत उघड्यावर बांधणं या वयाला झेपत नाही. तुम्ही मात्र जरूर जा, एकटे. चांगले घोडेवाले आणि नालबंद तिथे भेटतात. फोटो आणि तपासणीचा कागद सोबत न्या.

घोडा २६ वर्षांचा. वर्षभर घर शोधलं, कुणी घेईना. जनावरांचे आश्रम भरलेले. आता उठायलाही त्याला त्रास होतो. काय करावं?
— एक वाचक, कोल्हापूर

वर्षभर शोधलंत, त्यात कमी काही केलं नाहीत. पण या अवस्थेतल्या घोड्याला नवीन घरी पाठवणं हे आता त्याच्या भल्याचं राहिलेलं नाही. प्रवास, नवी जागा, नवे घोडे हे सगळं त्याच्या अंगाबाहेरचं आहे. रस्त्यावर किंवा माळावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी ते आम्ही सुचवलं नसतं.

आधी पशुवैद्यांसोबत एक महिना प्रयत्न करा: वेदनाशामक, मऊ अंथरूण, भिजवलेलं खाणं. रोज तीन गोष्टी लिहून ठेवा. आपणहून उठला का, चंदी संपवली का, सोबत्याकडे चालत गेला का. आठवड्यात चार दिवस तिन्हींना 'नाही' असेल तर त्याला शांतपणे मरण देणं हीच माया आहे. वेदनाशामकात मेलॉक्सिकॅम मागा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण ते अंगात असलेलं मढं खाऊन गिधाडं मेली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही याच कारणाने २०२३ मध्ये बंद झाली.

त्या दिवसाची तयारी आधी करा. खड्डा जेसीबीने आदल्या दिवशीच खणून घ्या, साधारण तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अडीच ते तीन मीटर खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब. जागेसाठी ग्रामपंचायतीला विचारून ठेवा. घोडा खड्ड्याजवळ पण कडेपासून अंतरावर, मऊ जमिनीवर उभा करा. सकाळी त्याला आवडतं ते खाऊ द्या. डॉक्टर आधी गुंगी देतात, मग शिरेतून भुलेचं औषध जास्त मात्रेत. घोडा खाली बसत नाही, एकदम कोसळतो. हे आधी माहीत असू द्या आणि त्याच्या पुढ्यात उभे राहू नका. नंतर श्वासासारखा एखादा झटका, पायांची हालचाल होऊ शकते, तेव्हा त्याला काही जाणवत नसतं. डॉक्टर हृदय ऐकून आणि बुबुळाला हात लावून खात्री करतील. भुलेचं औषध मढ्यात राहतं, म्हणून उघड्यावर टाकू नका, त्याच दिवशी पुरा.

त्याचा सोबती असेल तर पुरण्याआधी त्याला जवळ आणा आणि दोर सैल सोडा. तो हुंगेल, कदाचित नाकाने ढकलेल, कदाचित शेजारी चरू लागेल. अर्धा-पाऊण तास लागतो. तो आपणहून वळून दूर गेला की मग माती लोटायला सांगा. पाहिलेल्या सोबत्याचं शोधणं लवकर थांबतं. न दाखवता नेलेल्याचा सोबती दिवसचे दिवस फाटकाशी उभा राहून खिंकाळत असतो, त्या आठवड्यात त्याच्याजवळ दुसरं जनावर बांधा आणि त्याचं खाणं मोजत राहा.